‘मेटॅलिका पहिल्यासारखा राहिला नाही’

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ निम्मे काढलेत, निम्मे राहिलेत. सांभाळून घ्या.)

लोकलमध्ये लटकून, ऑफिसच्या बसमध्ये डुलक्या काढत किंवा भांडी घासता घासता, जिथून कुठून ऐकताय, तिथून स्वागत.

मागच्या भागात मी सहज बोलून गेलो की मला मेटॅलिकाचा ‘ब्लॅक अल्बम’ आवडतो. झालं! निम्म्या लोकांनी पाठ थोपटली, निम्म्यांनी वेड्यात काढलं. एकाने तर तीन मिनिटांची व्हॉइस नोट पाठवली. तिचा सारांश असा, की मेटॅलिका १९८८ साली संपला, पुढे जे आहे ते त्याच नावाचं दुकान आहे. भावा, तुझी व्हॉइस नोट मी दोनदा ऐकली. कारण हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा होतो आणि ते मला शिकवणाऱ्या माणसाशी मी पुढे फार वाईट वागलो. त्यामुळे आज हाच विषय. अल्बमबद्दल बोलू आणि मध्ये थोडं माझंही सांगतो.

आधी थोडं, नवीन लोकांसाठी

थ्रॅश मेटल म्हणजे हेवी मेटलचं वजन आणि पंकचा वेग. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत, मुख्यतः कॅलिफोर्नियात हे वाढलं. मेटॅलिका, मेगाडेथ, स्लेयर आणि न्यूयॉर्कचा अँथ्रॅक्स, हे त्यातले चार मोठे. मेटॅलिका १९८१ चा. ड्रमर लार्स उलरिकने पेपरात जाहिरात दिली, गिटारवाला जेम्स हेटफील्ड भेटला आणि गाडी सुरू झाली.

थ्रॅशचा सगळा जीव उजव्या मनगटात असतो. गिटारचा पिक साधारणपणे वर-खाली, वर-खाली मारतात. हेटफील्ड बरंचसं फक्त खाली मारतो. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ हे गाणं मिनिटाला दोनशेच्या वर ठोके, लांबी साडेआठ मिनिटं, आणि मुख्य रिफ जवळपास सगळा खालच्या फटक्यांचा. त्यामुळे प्रत्येक सूर हातोडा मारल्यासारखा सारखा पडतो. घरी करून बघा. एका मिनिटात मनगट रजेचा अर्ज देतं.

हे मला दादाने शिकवलं. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, कल्याणला राहणारा, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. त्याचा स्वतःचा बँड होता. चार पोरं, एक भाड्याची खोली आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी. त्याने मला पेन ड्राइव्हमध्ये मेटॅलिकाचे पहिले चार अल्बम दिले. फक्त चार. मी विचारलं, पुढचे? तर म्हणाला, “पुढचं ऐकू नकोस, बिघडशील.”

२०११ च्या दिवाळीत मेटॅलिका पहिल्यांदा भारतात आला. भाऊबीजेच्या दिवशी गुरगावचा कार्यक्रम होता, तो ऐनवेळी रद्द झाला. टीव्हीवर चिडलेले पब्लिक, मोडलेलं सामान. मावशी म्हणाली, आता बेंगळुरूलाही जाऊ नकोस. दादाने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कल्याणहून उद्यान एक्स्प्रेस पकडली. ३० ऑक्टोबरला पॅलेस ग्राउंड्सवर कार्यक्रम झाला. परत आला तेव्हा त्याचा आवाज पार गेला होता आणि माझ्यासाठी एक काळा टी-शर्ट आणला होता, दोन साइझ मोठा. म्हणाला, “तू वाढशील.”

‘खरा’ मेटॅलिका कोणता?

आता मुद्द्यावर. ‘खरा मेटॅलिका म्हणजे पहिले चार अल्बम’ असं म्हणणाऱ्यांना माझा एक प्रश्न आहे. ते चार तरी एकमेकांसारखे आहेत का?

१९८३ चा ‘किल एम ऑल’ घ्या. हेटफील्ड आणि उलरिक दोघंही एकोणीस वर्षांचे. नुसता वेग, नुसती रग. डेव्ह मस्टेनला त्याच वर्षी बँडमधून काढलं होतं, त्याने पुढे मेगाडेथ काढला. एका वर्षात ‘राइड द लाइटनिंग’ येतो आणि त्यात ‘फेड टू ब्लॅक’ नावाचं गाणं आहे, जे संथ अकूस्टिक गिटारने सुरू होतं. बॉस्टनमध्ये त्यांचं सामान चोरीला गेलं होतं, हेटफील्डचा आवडता ॲम्पसुद्धा. त्या निराशेतून आलेलं गाणं. आणि तेव्हाच्या कट्टर चाहत्यांनी काय म्हणावं? हे विकले गेले!

१९८४ साली! ज्या अल्बमला आज आपण डोक्यावर घेतो, त्याच्यावरही हा शिक्का बसला होता.

मग १९८६, ‘मास्टर ऑफ पपेट्स’. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतलेला पहिला मेटल अल्बम. गाणी लांबली, रचना गुंतागुंतीची झाली. यात बेसवाल्या क्लिफ बर्टनचा मोठा वाटा. त्याला संगीताचं शास्त्र येत होतं, बाख आवडायचा. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला स्वीडनमध्ये बँडची बस उलटली आणि क्लिफ गेला. चोवीस वर्षांचा होता.

दोन वर्षांच्या आत ‘अँड जस्टिस फॉर ऑल’. कोरडा, रागीट, गणितासारखा अल्बम. शीर्षक गीत जवळपास दहा मिनिटांचं. आणि त्यात एक गोष्ट गायब आहे. बेस! नवीन बेसवाला जेसन न्यूस्टेडने पूर्ण अल्बम वाजवला, पण हेडफोन लावून शोधलात तरी हाती फार काही लागत नाही. मिक्स करणाऱ्यांनी नंतर सांगितलंय की बेस खाली घ्या हे बँडकडूनच आलं होतं. वर गिटारचा आवाजही असा की खालचा सगळा भाग तिनेच खाल्लेला. २०१८ मध्ये हा अल्बम नव्याने मास्टर करून काढला, तरी बेस जिथे होता तिथेच. शेवटी चाहत्यांनी घरी बसून बेस वर आणलेल्या आवृत्त्या बनवल्या. आमच्या भाषेत सांगायचं तर मालकाने बग दुरुस्त करायला नकार दिला, म्हणून लोकांनी कोड फोर्क केला.

माझं म्हणणं एवढंच की पाच वर्षांत हे चार अल्बम आले आणि प्रत्येक वेळी बँड बदलला. वेग, मग चाल, मग रचना, मग कोरडेपणा. ‘बदलला’ ही तक्रार असेल, तर ती १९८४ पासूनच करावी लागेल.

१९९१: मोठा गुन्हा

‘जस्टिस’ची गाणी स्टेजवर वाजवताना बँडच्या लक्षात आलं की लांबलचक गाणं सुरू झालं की समोरच्या लोकांचे चेहरे पडतात. आम्ही ज्याला युजर फीडबॅक म्हणतो, तो असा समोरून आला. मग त्यांनी बॉब रॉकला निर्माता म्हणून आणलं. त्याने मॉटली क्रूचा ‘डॉक्टर फीलगुड’ केला होता आणि लार्सला त्याचा भारदस्त आवाज आवडला होता. कट्टर लोकांसाठी हे म्हणजे तालमीतल्या पैलवानाने ब्यूटी पार्लरमध्ये नाव घालण्यासारखं.

रॉकने काय केलं? सगळ्यांना एका खोलीत उभं करून एकत्र वाजवायला लावलं. गाणी छोटी झाली, वेग उतरला, बेस परत ऐकू यायला लागला. अल्बम तीन वेळा मिक्स झाला, खर्च दहा लाख डॉलरच्या घरात गेला. १२ ऑगस्ट १९९१ ला तो बाहेर आला आणि एकट्या अमेरिकेत आजवर त्याच्या १ कोटी ६० लाखांहून जास्त प्रती विकल्या गेल्यात.

दादाचं यावर ठरलेलं मत होतं. एकदा विक्री झाली की माणूसही विकला गेला. आणि १९९६ च्या ‘लोड’बद्दल तर बोलायचंच नाही. त्यात चौघांनी केस कापले होते! संगीत ब्लूजकडे झुकलेलं, एक ‘मामा सेड’ नावाचं गाणं तर सरळ कंट्री वळणाचं. दादा त्याला ‘काउबॉयची अंगाई’ म्हणायचा. आम्ही पोट धरून हसायचो.

आता माझं

२०१४. मी सतरा वर्षांचा, बारावीत. दादाचा बँड तोपर्यंत मोडला होता. काका ज्या कंपनीत होते ती बंद पडली, घरात पैशांची ओढाताण. दादाने गिटार विकली, ॲम्प विकला. दिवसा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसायचा आणि सीझनमध्ये बेंजो पार्टीत वाजवायचा. हळदी, लग्नाच्या वराती, गणपती.

अनंत चतुर्दशीला मी मित्रांबरोबर विसर्जन बघायला गेलो. अंगात तोच काळा टी-शर्ट. तोपर्यंत नीट बसायला लागला होता. समोरून टेम्पो आला, वर पॅडवाला, खाली ताशे आणि बेंजोवर दादा. कपाळाला गुलाल, पाठीला घाम, आणि वाजवत होता एक हिट कोळीगीत. त्याने मला बघितलं. आधी टी-शर्टकडे बघितलं बहुतेक, कारण तो एकदम हसला आणि त्याने हात वर केला, मेटलवाले करतात तसा, दोन बोटं वर.

माझा मित्र म्हणाला, “तुला ओळखतो का रे तो?”

मी म्हटलं, “नाही.”

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण रात्री मावशीकडे जेवायला गेलो, तेव्हा दादा हातपाय धुऊन पाटावर बसला होता. मी सगळ्यांसमोर म्हणालो, “तू तर ‘लोड’च्या पण पुढे गेलास. विकला गेलास पार.” काकांना, मावशीला काही कळलं नाही. दादाला कळलं. तो काही बोलला नाही. आमटी वाढून घेतली आणि जेवला. त्यानंतर आठ-नऊ वर्षं आम्ही सणासुदीला भेटलो, ‘काय चाललंय, बरंय’ बोललो, पण तो माझ्याशी संगीतावर एक शब्द बोलला नाही.

ते वाक्य माझं नव्हतंच. त्यानेच शिकवलेलं होतं. त्याने बँडवर टाकायला दिलेला दगड मी त्याच्यावर फेकला.

दोन वेगळे प्रश्न

मी आता इंजिनिअर आहे, पुण्यात नोकरी करतो. माझ्या कामात एक गोष्ट शिकलो. ‘हे बिघडलंय’ असं कोणी म्हटलं की आधी विचारायचं, डिझाइन बदललं म्हणून तक्रार आहे, की बनवताना चूक झाली म्हणून? मेटॅलिकाच्या वादात आपण हे दोन्ही एकत्र कालवतो.

उदाहरण, २००३ चा ‘सेंट अँगर’. न्यूस्टेड सोडून गेला होता, हेटफील्ड दारू सोडायला रिहॅबमध्ये जाऊन आला होता आणि परत आल्यावर दुपारी बारा ते चार एवढंच काम करत होता. बँड एका थेरपिस्टला मध्ये बसवून भांडत होता. हे सगळं ‘सम काइंड ऑफ मॉन्स्टर’ या माहितीपटात आहे, जरूर बघा. अल्बममध्ये एकही गिटार सोलो नाही, आणि स्नेअर ड्रमच्या खालच्या तारा सैल सोडल्यामुळे तो पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. सोलो नाहीत हा निर्णय आहे. पटला नाही तर नाही, पण एका मोडत चाललेल्या बँडचा तो प्रामाणिक निर्णय आहे. डबा मात्र मला आजही सहन होत नाही. लार्स अजूनही त्याच्या बाजूने उभा राहतो. राहू दे.

उलट २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’ बघा. निर्माता रिक रुबिन. लांब गाणी परत, सोलो परत, वेग परत. चाहत्यांना जे हवं होतं ते सगळं! पण अल्बम इतका जोरात मास्टर केलेला की आवाज फाटतो. मी एक गाणं ऑडॅसिटीत उघडून बघितलं. एरवी आवाजाची आकृती डोंगरांसारखी दिसते, चढ-उतार. इथे डोंगरांची टोकंच कापलेली, नुसती वीट. मर्यादेच्या वरचा आवाज कापला जातो, त्याला क्लिपिंग म्हणतात. आणि हे चाहत्यांना कसं कळलं माहितीये? हीच गाणी ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेममध्ये आली होती. त्यात गाण्याचे वेगवेगळे ट्रॅक गेले होते, शेवटचं दाबादाबीचं काम व्हायच्या आधीचे. पोरांनी दोन्ही शेजारी ठेवून ऐकलं आणि गेममधला आवाज जास्त स्वच्छ निघाला. अल्बम परत मिक्स करा म्हणून दहा हजारांहून जास्त लोकांनी सह्या केल्या.

म्हणजे बघा. ‘डेथ मॅग्नेटिक’ जुन्या वाटेवर परतलेला, पण बनवताना चुकलेला. ‘ब्लॅक अल्बम’ वाट बदललेला, पण बनवलेला असा की आजही नवे स्पीकर तपासायला लोक तो लावतात. आणि ‘जस्टिस’? जुन्यातला जुना, सगळ्यांचा लाडका, आणि बेस नाही! ‘बदलला म्हणजे बिघडला’ हे गणित कुठेच सुटत नाही.

मला तर प्रत्येक अल्बम आधीच्याला दिलेलं उत्तर वाटतो. ‘जस्टिस’ फार गुंतला, म्हणून ‘ब्लॅक’ सोपा. ‘ब्लॅक’ फार घट्ट, म्हणून ‘लोड’ मोकळा. मग सगळी कल्हई खरवडून काढायला ‘सेंट अँगर’, आणि त्याची भरपाई म्हणून ‘डेथ मॅग्नेटिक’. एक दुरुस्त करायला जातात, दुसरं मोडतं. रोज हेच करून मी पगार घेतो, मला त्यांच्यावर कसा राग येईल?

आणखी एक. ‘ब्लॅक अल्बम’ आला तेव्हा हेटफील्ड अठ्ठावीसचा होता. आज मी अठ्ठावीसचा आहे. एकोणीसाव्या वर्षी लिहिलेला माझा कोड कोणी समोर ठेवला तर मी तोंड लपवतो. आणि त्या माणसाने आयुष्यभर एकोणीसचं राहावं असा आमचा हट्ट!

परवाचं बोलणं

गेल्या गणपतीत मी कल्याणला गेलो. मावशी २०२२ मध्ये गेली, कॅन्सरने. तेव्हापासून तिथे गणपती दीड दिवसांचा असतो. विसर्जन करून येताना दादाच्या गाडीत आम्ही दोघंच होतो. त्याने गाणं लावलं. संथ गिटार, हेटफील्ड हळू आवाजात गातोय. मला ओळखायला दोन सेकंद लागली. ‘मामा सेड’. काउबॉयची अंगाई.

मी त्याच्याकडे बघितलं. तो रस्त्याकडे बघत म्हणाला, “हेटफील्डची आई तो सोळाचा असताना गेली, माहितीये ना? कॅन्सरनेच.”

मी म्हटलं, माहितीये.

“गाणं तेव्हाही हेच होतं रे. मी बावीसचा होतो.”

मग बराच वेळ कोणी बोललं नाही. पत्री पुलावर गाडी अडकली, तेव्हा मी म्हटलं, “दादा, त्या चतुर्दशीला मी तुला ओळखलं होतं.” तो म्हणाला, “मला माहितीये. टी-शर्ट मीच दिला होता ना.” मी म्हटलं, चुकलो. जेवताना बोललो ते तर फारच चुकलो. तो हसला. म्हणाला, तुला एक सांगू? बेंजोला उजव्या हाताने जे करावं लागतं ना, सलग, वेगात, न थकता, चार-चार तास, ते ‘मास्टर ऑफ पपेट्स’च्या मनगटानेच जमलं. पार्टीत माझ्याएवढा टिकणारा दुसरा कोणी नव्हता. आणि त्या पैशात घर चाललं.

मी त्याला विकला गेला म्हटलं होतं. शिकलेलं काही सोडलंच नव्हतं त्याने, फक्त वाद्य बदललं होतं.

२०२२ मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मुळे ‘मास्टर ऑफ पपेट्स’ परत गाजलं. १९८६ चं गाणं छत्तीस वर्षांनी पहिल्यांदा अमेरिकेच्या हॉट १०० यादीत आलं. जुन्या चाहत्यांनी नव्या पोरांना हिणवलं, तुम्ही कालचे, मालिका बघून आलात. तेव्हा बँडने स्वतः सांगितलं की आमच्या घरात सगळ्यांना जागा आहे. मला ते आवडलं. आम्हीही कधीतरी कालचेच होतो. कोणी पेन ड्राइव्हवरून आलं, कोणी मालिकेतून.

तर व्हॉइस नोटवाल्या भावा, तुझं मत तू ठेव. वाद घालायलाच पाहिजे, त्यात मजा आहे, आणि ‘सेंट अँगर’च्या डब्यावर मीही तुझ्याच बाजूने आहे. फक्त एक कर. जो अल्बम तू हसून बंद केला होतास, तो पाच-सहा वर्षांनी एकदा परत ऐक. अल्बम बदललेला नसेल, पण तू बदललेला असशील. आणि ‘विकला गेला’ हे एखाद्या माणसाला म्हणायच्या आधी त्याच्या घरी काय चाललंय ते एकदा विचार.

हा भाग प्रसिद्ध करायच्या आधी मी दादाला ऐकवला. त्याच्याबद्दलचं सगळं ठेव म्हणाला. एकच दुरुस्ती सुचवली: “‘लोड’मधलं ते एक गाणं चांगलंय म्हणालोय मी. ‘रीलोड’ अजूनही टाकाऊच आहे, हे सांग.”

सांगितलं, दादा.

चला मंडळी, भेटू पुढच्या भागात. तुम्ही कोणता अल्बम उशिरा ऐकलात, ते नक्की कळवा. आवाज जरा कमी ठेवून ऐका, कान एकदाच मिळतात.